हत्तिणीचे लायनर

देवरावांनी मागच्या चाकांचे झिजलेले ब्रेक-लायनर जेवणाच्या ताटात घालून ओसरीच्या मधोमध आणून ठेवले, तेव्हा बायजाबाईंचा जीव लायनरसाठी नव्हे, ताटासाठी कळवळला. ते घरातलं ताट नव्हतं, भाड्याने द्यायचं होतं. ‘देवराव बिछायत केंद्रा’तून लग्नाकार्यांना, सभा-संमेलनांना सतरंज्या जात, तंबू जात, भात शिजवायचे मोठमोठे गंज जात आणि ही ताटंही जात. त्यात मोटारीचा काळा भुगा पडलेला पाहून त्या चुलीपासूनच ओरडल्या.

“अवो, त्या ताटात परवा लोकं जेवतीन नं!”

“जेवू दे. आधी घरच्यायनं पाहून घ्या,” देवराव म्हणाले. “दिवाळीपासून हा तिसरा जोड. तिसरा! दादाजी चालवे तवा एक जोड दोन-दोन वर्सं जाये. आता काहून जाऊन राहिले एवढे, मले कोणी सांगन का?”

कोणी सांगितलं नाही, पण सगळ्यांनी एकदम चारुशीलाकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीशी कणीक मळत बसली होती. तिने मान वर केली नाही. कणकेला मात्र दोन गुद्दे जास्तच बसले.

घरातल्या वॅगनला ‘हत्तीण’ म्हणत. मिलिटरीच्या लिलावात देवरावांनी ती घेतली, तेव्हाच ती म्हातारी होती. हिरवा रंग उडालेला, मागे सामानाला ऐसपैस जागा, आणि पुढे डॅशबोर्डाखाली मधोमध हँडब्रेकचा दांडा, छत्रीच्या मुठीसारखा. थोरला मुलगा दादाजी तिला पोटच्या पोरीसारखा जपे. पण दसऱ्यानंतर त्याला बल्लारपूरला नोकरी लागली, तो बायकोलेकरांसह तिकडे गेला आणि हत्तिणीला माहूत उरला नाही. देवरावांना स्वतःला चालवता येत नव्हतं. धाकट्या आनंदरावाने एकदा प्रयत्न केला आणि गाडी गल्लीतल्या नळाच्या ओट्यावर चढवून ठेवली. नळ अजून वाकडाच आहे. मग आनंदरावाची बायको, चारुशीला, पदर खोचून पुढे झाली. तिचे वडील रामाजी कामठीला मिलिटरीत ड्रायव्हर होते, आणि मुलगा नाही म्हणून हात चोळत बसण्याऐवजी त्यांनी मुलीलाच परेडच्या मैदानामागे नेऊन ट्रकवर बसवलं होतं. रामाजी लेकीचं लग्न लावून दिल्यावर वर्षभरातच गेले. त्यांनी दिलेली ही एकच गोष्ट तिच्याजवळ उरली होती, आणि इंदोऱ्यातल्या सासरच्या घरात ती गोष्ट एकदम सोन्याच्या भावाची ठरली.

तिला चाकामागे बसणं आवडे. नुसतं आवडे असं म्हणणं कमी होईल. परसात बसून राखेने गंज घासताना जी चारुशीला असे आणि उमरेड रोडला लागल्यावर जी असे, त्या दोघी बहिणीसुद्धा वाटल्या नसत्या. म्हणून ताटातल्या लायनरकडे न बघताही तिला कळत होतं की आज तिचं चाक जाणार की राहणार, याचा निकाल लागायचा आहे.

निकाल लावायला जावईही हजर होते. भैय्याजी काटोलचे, संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या घरातले. नणंद पुष्पलता आणि ते संत्र्यांची टोपली घेऊन सकाळच्या बसने आले होते. भैय्याजींना जगातल्या प्रत्येक गोष्टीविषयी मत होतं, आणि ते मागावं लागत नसे.

“मामाजी, राग नका मानू,” ते संत्रं सोलत म्हणाले, “पण बाईमाणसाचा पाय ब्रेकवरून उठतच नाही. समोर कोंबडी आली, दाबला ब्रेक. कोंबडी येईन असं वाटलं, तरी दाबला. आमच्या चुलत भावाले बोलावून घेऊ. ट्रक चालवते थो. चौदा एप्रिल तोंडावर हाये, जयंतीच्या ऑर्डरी हायेत. ऐन वक्तावर गाडी थांबलीच नाही, तं?”

“हो नं, बाबा,” पुष्पलता म्हणाली. पण म्हणताना तिने वहिनीकडे बघून डोळा मिचकावला. हा डोळा कोणत्या बाजूचा, ते चारुशीलाला कळलं नाही. पुष्पलता नवऱ्यासमोर नवऱ्याची असे आणि स्वयंपाकघरात आली की माहेरची.

“नजर लागली गाडीले,” बायजाबाई म्हणाल्या.

“आई, आपण नजर-बिजर मानत नाही,” आनंदराव म्हणाला.

“मानत नाही तं नाही. पण लोकायची लागतेच नं. ते कुठं आपल्याले इचारून लावतेत?”

आनंदरावाने हिशेबाची वही पुढे ओढली. एरवीही घरच्या भांडणात तो बाजू घेत नसे. हिशेबाचा माणूस, दोन्हीकडची बेरीज करून शून्य आणायचा. चारुशीलाला त्याचा या वेळी मनापासून राग आला.

वामन मिस्त्री तेवढ्यात नवे लायनर बसवून, हात पुसत ओसरीवर आला. त्याला चहा मिळाला, संत्रं मिळालं आणि मत विचारलं गेलं. त्याने तिन्ही गोष्टींचा आनंदाने स्वीकार केला. आधी म्हणाला, ड्रम घासले आहेत. मग म्हणाला, रस्ते खराब. मग म्हणाला, सामान जास्त भरता. शेवटी म्हणाला, आजकाल मालच तसा येतो. थोडक्यात, त्यालाही माहीत नव्हतं.

“मिस्त्री,” चारुशीला पहिल्यांदा बोलली, “समोरच्या चाकायचे लायनर कसे हायेत?”

“समोरचे? ठीक हायेत की. मागचेच जाऊन राहिले.”

“पायाचा ब्रेक तं चारही चाकायले लागते. माह्या पायानं जात असते, तं समोरचे काहून नाही गेले?”

भैय्याजींच्या हातातली फोड हातातच राहिली. पण ते हार मानणारे नव्हते. “मागं वजन असते, वहिनी. गंज, तंबू, सतरंज्या. म्हणून मागचे.”

“मग पाहूनच घेऊ,” देवराव मांडीवर थाप मारून म्हणाले. “आता नवे लायनर हायेत, गाडी रिकामी हाये. पाचगावापर्यंत जाऊ. जाताना चारू चालवन, येताना जवाईबापू. दूध का दूध, पानी का पानी.”

“आणि समजन कसं?” आनंदरावाने विचारलं.

“ब्रेक घासला की चाक तपते,” मिस्त्री म्हणाला. “हात लावून पाहायचं. पण पोळतेही कधी.”

“हात कशाले?” बायजाबाई म्हणाल्या. “तव्यावर पाण्याचे शिंतोडे मारते तसे मारू. चर्र झालं तं तपला. एवढ्यासाठी काय मिस्त्री पाह्यजे?” आणि त्यांनी लगेच फिरकीचा तांब्या भरून घेतला.

अशी ही वरात निघाली. चाकामागे चारुशीला. शेजारी डावीकडे देवराव, नेहमीप्रमाणे. सून गाडी काढणार म्हटलं की म्हातारा धोतर सावरून आधी पुढच्या सीटवर. गल्लीच्या टोकापर्यंत रॉकेल आणायला जायचं असलं तरी. लोक म्हणत, देवरावाला गाडीतून मिरवायची हौस आहे. चारुशीलालाही तसंच वाटे. तिने ते मनावर घेतलं नव्हतं. हौस कोणाला नसते? मागे बायजाबाई, पुष्पलता, भैय्याजी, आनंदराव, आणि ‘मीबी येतो’ म्हणून वामन मिस्त्री. सुटीचा दिवस, बायजाबाईंनी बरोबर पाटवड्यांचा डबाही घेतलेला. ब्रेकची परीक्षा आहे की सहल, ते रस्त्यावरच्या कोणालाही ओळखता आलं नसतं.

गावातून बाहेर पडेपर्यंत चारुशीलाने जितका ब्रेक लावला असेल, तितका तर चालत जाणारा माणूसही लावतो. ती पुढचं आधीच बघून गाडी हळू करत होती, वडिलांनी शिकवलं होतं तसं. मागून भैय्याजी दर वेळी मोठ्याने सांगत होते, “लावला! हा पाहा, लावला!” आणि पुष्पलता त्यांच्या गुडघ्यावर चापट मारत होती.

दिघोरीचा नाका गेला. रस्ता मोकळा झाला. चारुशीलाने वेग वाढवला, आणि तेव्हा तिला ते जाणवलं. हत्तीण ओढत नव्हती. कोणीतरी मागून पदर धरावा तशी अडखळत होती. इतके दिवस गंजांचं वजन असेल म्हणून तिने लक्ष दिलं नव्हतं. आज तर गाडी रिकामी होती.

पुढे म्हशींचा एक कळप रस्ता ओलांडत होता. तिने गाडी जवळजवळ थांबवली. आणि म्हशी जाईपर्यंत सहज डावीकडे पाहिलं.

देवरावांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. खांद्यावरचा दुपट्टा मांडीवर पसरला होता, आणि त्या दुपट्ट्याखालून त्यांचा उजवा हात डॅशबोर्डाखाली गेलेला होता. चारुशीलाने हळूच वाकून पाहिलं. हँडब्रेकची मूठ त्यांनी अशी पकडली होती की हाताच्या शिरा वर आल्या होत्या. दांडा पूर्ण ओढलेला नव्हता. एक खटका, फार तर दोन. तेवढा पुरेसा होता. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. आणि गाडी थांबली की चारुशीला स्वतःच तो पूर्ण ओढून घेई, निघताना पूर्ण सोडी. म्हणून एवढ्या महिन्यांत काहीच हाती लागलं नव्हतं.

तिला आधी हसू आलं. मग राग आला. दिवाळीपासून हा माणूस तिच्या नावाने लायनर ताटात घालून गावाला दाखवतो आहे, आणि झिजवतो आहे स्वतःच!

म्हशी गेल्या. “चाल वं,” देवराव डोळे न उघडता म्हणाले. “पण हळू.”

पाचगावला चहाच्या टपरीपुढे गाडी थांबली. बायजाबाई तांब्या घेऊन उतरल्या. पुढच्या चाकावर पाणी मारलं. ते नुसतं ओघळलं. मागच्या चाकावर मारलं आणि ‘चर्र’ असा आवाज होऊन वाफ आली.

“घ्या!” भैय्याजी म्हणाले. “रिकाम्या गाडीत. आता तं वजनही नव्हतं. आता काय म्हणता, वहिनी?”

काय म्हणायचं ते चारुशीलाच्या जिभेवर आलं होतं. एका वाक्यात ती सुटली असती. पण समोर जावई उभे होते, मिस्त्री उभा होता, चहावाला कान देऊन होता, आणि देवराव सगळ्यांच्या मध्ये छाती काढून उभे होते. ज्या माणसाने आयुष्यात कोणापुढे मान खाली घातली नाही, तो सुनेच्या गाडीत डोळे मिटून, दांडा धरून बसतो, हे जावयाला कळलं असतं तर काटोलच्या बाजारात त्याच दिवशी कळलं असतं. तिने ते वाक्य चहाबरोबर गिळलं. गिळताना फार कडू लागलं.

मात्र सासरे लिंबाच्या झाडाखाली जरा एकटे सापडले तेव्हा ती जवळ गेली. “मामाजी, गाडीत तो हँडब्रेकचा दांडा नका धरत जाऊ.”

“कोणता दांडा?” देवराव म्हणाले. “म्या कशाले धरू? मी का लेकरू हाये?”

त्यांचा चेहरा इतका खरा होता की ती थबकली. त्यांना माहीतच नव्हतं. हात आपल्या मनाने जात होता.

परतताना भैय्याजींनी चालवली. पुष्पलता ऐटीत पुढे बसली, देवराव मागे गेले. घरी पोहोचल्यावर बायजाबाईंनी पुन्हा चारही चाकांवर पाणी मारलं. चारही चाकं गप्प राहिली.

आता बोलायला काही उरलंच नव्हतं. हातपाय धुऊन सगळे ओसरीवर बसले. भैय्याजी विजयाच्या आनंदात उदार झाले होते. “वहिनीचा दोष नाही. सवय असते एकेकाची. मी उद्याच भावाले पाठवतो. चाबी त्याच्याजवळच राहू द्या, म्हणजे दोन हात नको.”

उतरताना भैय्याजींनी परत दिलेली चाबी चारुशीलाने कमरेतून काढली आणि त्यांच्या पुढे ठेवली. आनंदरावाने आयुष्यात प्रथमच घाईने तोंड उघडलं. “चारू, तू काहीतरी बोल नं! समोरचे काहून नाही गेले, हे तं कोणी सांगितलंच नाही अजून.”

“राहू द्या,” ती म्हणाली. एवढ्याशा बाजूनेही तिचा त्याच्यावरचा राग निम्मा उतरला.

देवराव तिच्याकडे बघत राहिले. ही पोरगी उत्तराला कधी उणी पडत नाही. सकाळीच मिस्त्रीला तिने निरुत्तर केलं होतं. मग आता गप्प का? झाडाखाली काहीतरी म्हणत होती, ते काय होतं? त्यांनी पाण्याचा गडू उचलायला उजवा हात पुढे केला, आणि गडू नीट धरता येईना. बोटं आखडली होती. त्यांनी तळवा उजेडाकडे केला. तळव्यावर अजून आडवा लाल वळ होता, त्यात मुठीच्या खाचा एकामागे एक उमटल्या होत्या.

त्यांनी मूठ मिटून पाहिली, पुन्हा उघडली.

“काय झालं वो?” बायजाबाईंनी विचारलं.

“जवाईबापू,” देवराव म्हणाले, “चाबी वापस करा तिची.”

“आँ?”

“लायनर म्या खाल्ले. तिनही जोड.” त्यांनी हात सगळ्यांसमोर धरला. “हे पाहा. हँडब्रेक धरून बसतो मी. मले मालूमच नाही, पण धरतो. अन् त्या पोट्टीनं रस्त्यातच पाहून घेतलं. मले एकटं गाठून सांगे. तुमच्यासमोर शब्द काढला नाही तिनं.”

मग पुष्पलता जी हसायला लागली, ती थांबेचना. बायजाबाईंनी पदर तोंडाला लावला. वामन मिस्त्री म्हणाला, “मले तेच वाटत होतं,” त्यावर तर आनंदरावही हसला.

भैय्याजी मात्र दुखावले. “पण मामाजी, मी चालवली तवा तं चाकं थंडी होती. माह्या गाडीत नाही भेव लागला तुमाले?”

“तुमचा भेव मले काहून लागन?” देवराव म्हणाले. “तुमाले तुमचा बाप हाये, काटोलात संत्रे तोलत बसला हाये. तुमची काळजी थो करन.” मग त्यांचा आवाज जरा खाली आला. “हिचा बाप नाही. लग्नात रामाजीनं हिचा हात माह्या हातात देल्ला, म्हणे, देवराव, एकच लेक हाये. म्या म्हटलं, केसालेही धक्का लागू देणार नाही. अन् हे पोट्टी साठच्या स्पीडनं मोटार हाकते! मी का हातावर हात ठेवून बसू?”

चारुशीला उठून आत गेली. कणकेची परात सकाळीच धुऊन ठेवली होती. तिने ती पुन्हा धुतली. डोळे पुसायला तेवढा वेळ लागला. पुष्पलता मागोमाग आली आणि म्हणाली, “वहिनी, मलेबी शिकवा वं गाडी. यायले काटोलात घेऊन फिरते मी, अन् दर कोंबडीले ब्रेक लावते.” दोघी चुलीपुढे बसून पोट दुखेपर्यंत हसल्या.

बाहेर मिस्त्रीने तोडगा काढला, की म्हाताऱ्यासमोर एक लोखंडी कडी वेल्डिंग करून देतो, ती धरून बसावं. देवरावांनी त्याला जवळजवळ हाकललंच.

जयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी हत्तीण भरली गेली. कुहीकडच्या एका गावाची मोठी ऑर्डर होती. निळ्या पताका, शामियाना, सतरंज्या, आणि गंजांमध्ये गंज घातलेले. आनंदराव मागे सामानावर चढून बसला. चारुशीला चाकामागे बसली. डावीकडची सीट रिकामीच होती.

देवराव घराच्या ओट्यावर उभे होते. धुतलेलं धोतर, खांद्यावर दुपट्टा, सगळं निघायचं रूप. पण पाय ओट्यावरच.

“मी नाही येत,” ते म्हणाले. “मी बसलो की तुह्यावाले लायनर जाते. जा तुमी. हळू जाजो.”

“मामाजी, सतरंज्या मोजून द्यायच्या हायेत तिथं.”

“आनंद देईन मोजून. जा म्हणलं नं.”

ती निघाली. वाकड्या नळापाशी वळण घेतलं. गाडी हलकी चालत होती, मागून पदर धरणारं कोणी नव्हतं. ब्रेक नवे, रस्ता मोकळा, चाक तिचं. हवं होतं ते सगळं मिळालं होतं. गल्ली संपेपर्यंत तिने दोनदा डावीकडे पाहिलं. आजवर त्या सीटवर कोणी नाही, असं कधी झालंच नव्हतं, ना या गाडीत, ना परेडच्या मैदानामागे वडिलांच्या त्या ट्रकमध्ये.

मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी तिने गाडी थांबवली.

“काय विसरलं?” मागून आनंदरावाने विचारलं.

तिने आरशात बघून, गंज खणखणवत, हत्तीण सगळी गल्ली उलटी मागे आणली. ओट्यावर देवराव अजून तसेच उभे होते, गेलेल्या गाडीच्या दिशेने मान वळवून.

तिने वाकून डावीकडचं दार उघडलं.

“लायनर बाजारात भेटते, बाबा,” ती म्हणाली. “बसा.”